शब्दांच्या आठ जाती

इंग्रजी शाळेची पायरी चढलेल्या प्रत्येकास बाळपणींचें एक प्रश्नोत्तर पाठ असतें. "शब्दांच्या जाती किती?" असें गुरुजींनीं विचारावें आणि सर्व वर्गानें एका सुरांत "आठ" म्हणून उत्तर द्यावें. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी व केवलप्रयोगी ही नामावळि आम्हीं प्रथम मराठींत घोकली, आणि पुढें तीच इंग्रजी नांवांनीं पुन्हां घोकली. दोन्ही भाषांत जाती आठच निघाव्या याचें त्या वयांत आम्हांस मुळींच नवल वाटलें नाहीं. आठवड्याचे वार जसे सात, तशा शब्दांच्या जाती आठ, असें समजून आम्ही चाललों. पुढें स्वतः अध्यापक झाल्यावरहि आमची समजूत तीच राहिली, आणि तिच्यापायीं आमच्या हातून एका विद्यार्थ्यावर अन्याय झाला. अन्याय लहानसाच, अर्ध्या गुणाचा होता. परंतु त्याचा उलगडा करूं जातां आम्हांस अलेक्झांड्रियापासून मुंबईपर्यंतचा दोन हजार वर्षांचा इतिहास चाळावा लागला. तो इतिहास वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आम्हांस नोकरीस लागून तेव्हां दोन-तीन वर्षेंच झालीं होतीं. पहिल्या वर्षाच्या वर्गाची एक चांचणी आम्हीं घेतली. तींत अधोरेखित शब्दांच्या जाती ओळखावयाच्या होत्या. एका वाक्यांत 'स्टोन वॉल' हे शब्द आले होते व त्यांपैकीं 'स्टोन' हा अधोरेखित होता. आमच्या मतें उत्तर उघड होतें. भिंत कशी? दगडी. म्हणून 'स्टोन' हें विशेषण. बहुतेक वर्गानें तसेंच लिहिलें. एका मुलानें मात्र 'नाम' असें लिहिलें होतें. आम्हीं त्यावर तांबडी रेघ ओढली. तास संपल्यावर तो कागद घेऊन आमच्याकडे आला आणि भीत भीत म्हणाला, "सर, 'व्हेरी ओल्ड वॉल' म्हणतात, पण 'व्हेरी स्टोन वॉल' असं कुणी म्हणत नाही. 'ओल्ड'चं 'ओल्डर' होतं, 'स्टोन'चं कांहींच होत नाही. मग हें विशेषण कसं?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. उत्तर सुचत नाहीं असें सांगण्याचें धैर्यहि त्या वयांत नव्हतें. "पुस्तकांत तसें दिलें आहे, परीक्षेंत तसेंच लिहीत जा," असें म्हणून आम्हीं त्याची बोळवण केली. "बरं सर," म्हणून तो गेला, आणि पुढें वर्षभर त्यानें आम्हांस एकहि प्रश्न विचारला नाहीं.

पुस्तकांत तसें होतें हें खरें. परंतु पुस्तकांत तें कोठून आलें?

या नामावळीचें मूळ ग्रीक लोकांपाशीं सांपडतें. प्लेटोनें आपल्या एका संवादांत वाक्याचे दोन घटक सांगितले: ज्याच्याविषयीं बोलावयाचें तें, आणि त्याच्याविषयीं जें बोलावयाचें तें. ॲरिस्टॉटलनें त्यांत जोडणाऱ्या शब्दांची भर घातली. पुढें अलेक्झांड्रिया येथील पंडितांनीं होमरादि प्राचीन कवींच्या ग्रंथांचें संशोधन आरंभिलें. त्या काव्यांची भाषा लोकांच्या बोलण्यांतून गेलेली होती. ती नीट कळावी म्हणून शब्दांची छाननी करणें त्यांस अवश्य झालें. या परंपरेंतील डायोनिशियस थ्रॅक्स याच्या नांवावर एक चिमुकला व्याकरणग्रंथ मोडतो. डायोनिशियस हा इ. स. पूर्वीं दुसऱ्या शतकांतला. ग्रंथाचा उत्तरभाग त्याचाच कीं मागाहून कोणी जोडलेला, याविषयीं विद्वानांत वाद आहे. तें कसेंहि असो. आठ हा आंकडा त्या ग्रंथांत आहे.

परंतु ते आठ आपले आठ नव्हेत. त्यांत नाम, क्रियापद, सर्वनाम, क्रियाविशेषण, नामापूर्वीं येणारीं अव्ययें व उभयान्वयी हीं आहेत. आणि त्यांखेरीज धातुसाधितें व 'दि' सारखीं उपपदें हीं दोन आहेत. विशेषण ही निराळी जाति नाहीं. तें नामाच्याच पोटांत आहे. केवलप्रयोगीहि नाहीं, त्याची गणना क्रियाविशेषणांत केली आहे. म्हणजे आम्हीं पाठ केलेल्या आठांपैकीं दोघांचा त्या पहिल्या पंक्तींत पत्ताच नाहीं, आणि त्या पंक्तींतले दोघे आमच्या पंक्तींत बसलेले नाहींत.

हें शास्त्र पुढें रोमन लोकांनीं उचललें. लॅटिन भाषेंत उपपदें नाहींत. ग्रीकांच्या आठांतून एक वजा झाल्यावर सात राहावयाचे. परंतु रोमन वैयाकरणांनीं क्रियाविशेषणांच्या घोळक्यांतून उद्गारवाचक शब्द बाहेर काढले, त्यांस स्वतंत्र पाट मांडून दिला आणि आठांची संख्या पुरी केली. आपल्या 'अरेरे' व 'शाबास' यांस व्याकरणांत जें स्वतंत्र आसन मिळालें आहे, त्याचें मूळ हें आहे. चौथ्या शतकांत रोम येथें डोनेटस यानें मुलांसाठीं प्रश्नोत्तररूप लहान व्याकरण लिहिलें. त्याच्या आरंभींच शब्दजाती किती असा प्रश्न असून आठ असें उत्तर आहे. इ. स. ५००च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपल येथें प्रिशियन यानें अठरा भागांचें मोठें व्याकरण रचिलें. या दोन ग्रंथांवर युरोपांतील मुलांच्या पिढ्यान्पिढ्या वाढल्या. डोनेटसचें पुस्तक तर इतकें घरोघरीं झालें कीं, इंग्रजींत 'डोनट' म्हणजे कोणत्याहि विषयाचें पहिलें पुस्तक असा अर्थ रूढ झाला. आमच्या गुरुजींनीं वर्गास विचारलेला प्रश्न सोळाशें वर्षांचा जुना होता, हें बिचाऱ्या गुरुजींस कोठून ठाऊक असणार!

इंग्लंडांत हा प्रश्न देशी भाषेंतून प्रथम विचारणारा गृहस्थ म्हणजे एल्फ्रिक नांवाचा एक साधु. इ. स. १०००च्या सुमारास त्यानें मुलांस लॅटिन शिकविण्यासाठीं व्याकरण लिहिलें, पण लिहिलें तें त्या काळच्या इंग्रजींत. लॅटिन संज्ञांस देशी प्रतिशब्द हवे होते. ते त्यानें स्वतः जुळविले. नामास त्यानें 'नामा' हा शब्द योजिला. आपलें 'नाम' आणि त्याचा 'नामा' हे एकाच आदिम मुळापासून निघाले आहेत हें त्यास ठाऊक नव्हतें. पण मातृभाषेंत परकीय शास्त्र सांगूं पाहणाऱ्या माणसाची अडचण त्यानें आमच्या दादोबांच्या आठशें वर्षें आधीं अनुभविली होती, एवढें खास.

इंग्रजी भाषेचें स्वतःचें व्याकरण मात्र फार उशिरां झालें. सोळाव्या शतकांत विल्यम लिली याच्या नांवाचें लॅटिन व्याकरण राजाज्ञेनें शाळांत लागूं झालें, आणि १५८६ सालीं विल्यम बुलोकर यानें इंग्रजीचें पहिलें मुद्रित व्याकरण काढलें तें याच लिलीच्या सांच्यांतलें. लॅटिनचा अंगरखा इंग्रजीच्या अंगास बसत नाहीं, अशी तक्रार १६५३ सालीं जॉन वॉलिस या गणितशास्त्रज्ञानें केली. पण ती तक्रार त्यानें ज्या व्याकरणांत केली तें लॅटिनमध्येंच लिहिलेलें होतें! अठराव्या शतकांत मध्यम वर्गाच्या हातीं पैसा आला, शाळा वाढल्या, आणि आपलें बोलणें-लिहिणें कुलीनांसारखें असावें अशी चुरस लागली. मग व्याकरणांचें पेव फुटलें. १७६१ सालीं जोसेफ प्रीस्टली यानें जुन्या आठांतून धातुसाधितास रजा दिली आणि त्याच्या जागीं विशेषणास घेतलें. प्राणवायूच्या शोधासाठीं ज्याचें नांव घेतात तोच हा प्रीस्टली. लॅटिनमध्यें विशेषणास नामाप्रमाणेंच विभक्ति-वचनांचे प्रत्यय लागत, म्हणून दोघांची एक जाति शोभत होती. इंग्रजींत विशेषणास तसा एकहि प्रत्यय उरला नव्हता, म्हणून ही फारकत योग्यच झाली. पुढच्याच वर्षीं रॉबर्ट लाउथ यानें उपपदांस स्वतंत्र मानून जाती नऊ केल्या. अमेरिकेंतून येऊन यॉर्कजवळ राहिलेल्या लिंडले मरे या वकिलानें १७९५ सालीं तेथील एका मुलींच्या शाळेसाठीं जें व्याकरण लिहिलें व जें अर्ध्या जगांत खपलें, त्यांतहि जाती नऊच होत्या. म्हणजे आमच्या आठ जातींची नेमकी ही यादी अडीचशें वर्षांपलीकडे जात नाहीं, आणि त्या वेळींहि ती सर्वमान्य नव्हती.

आतां महाराष्ट्राकडे वळूं. पाश्चात्त्य सांच्याचें व्याकरण आपल्या किनाऱ्यावर इंग्रजी राज्यापूर्वींच उतरलें होतें. ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर स्टीफन्स हे जन्मानें इंग्रज. त्यांनीं पोर्तुगीज भाषेंत लिहिलेलें कोंकणीचें व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० सालीं गोव्यांत रायतूर येथें छापलें गेलें. १८०५ सालीं विल्यम केरी यांनीं श्रीरामपूर येथें मराठीचें व्याकरण इंग्रजींत प्रसिद्ध केलें. हे ग्रंथ मुख्यतः परक्यांसाठीं होते. आपल्या मुलांसाठीं मराठींत व्याकरण हवें, ही निकड मुंबईच्या नव्या शाळांमुळें उत्पन्न झाली, आणि १८३६ सालीं दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचें 'महाराष्ट्र भाषेचें व्याकरण' बाहेर पडलें. दादोबांचा जन्म १८१४चा. म्हणजे ग्रंथकर्ता त्या वेळीं अवघा बावीस वर्षांचा!

दादोबांपुढें दोन घरें होतीं. एक संस्कृत व्याकरणाचें. तेथें यास्कानें नाम, आख्यात, उपसर्ग व निपात असे चार वर्ग केले होते. आणि पाणिनीनें तर पदांचे दोनच प्रकार मानले होते: नामांचे प्रत्यय लागून झालेलें तें सुबन्त आणि क्रियापदांचे प्रत्यय लागून झालेलें तें तिङन्त. दुसरें घर इंग्रजी व्याकरणाचें. तेथें आठ-नऊ जातींचा बारदाना होता. मराठीच्या शब्दजातींची मांडणी या दुसऱ्या घराच्या धर्तीवर झाली, संज्ञा मात्र संस्कृतांतून घडविल्या गेल्या. या मांडणीवर पुढें पुष्कळ चर्चा झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनीं केलेली चिकित्सा १८९३ सालीं, त्यांच्या पश्चात्, पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. आणि कवि केशवसुत यांचे बंधु मोरो केशव दामले यांनीं १९११ सालीं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहून सर्व प्रश्नांचा विस्तारानें खल केला. तथापि शाळेच्या क्रमिक पुस्तकांत आठांचें राज्य अबाधित राहिलें.

या संज्ञा घडविणाऱ्यांची तारीफ केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. इंग्रजी संज्ञेचा शब्दशः अर्थ 'पूर्वीं ठेवलेला' असा असतां त्यांनीं 'शब्दयोगी' हें नांव पसंत केलें. कारण मराठींत हे शब्द नामाच्या पूर्वीं येत नाहींत, पाठीमागून येतात. तेथें त्यांनीं आंधळें भाषांतर केलें नाहीं. परंतु एका ठिकाणीं मूळ कल्पनेचा धागा सुटला असें आम्हांस वाटतें. ग्रीक व लॅटिन संज्ञेचा अर्थ 'वाक्याचे अवयव' असा आहे, आणि इंग्रजींत तोच शब्दशः उतरला आहे. अवयव म्हटला कीं तो शरीरांत कोणतें काम करितो हें आधीं पाहावें लागतें. आपण म्हटलें 'शब्दांच्या जाती'. जाति म्हटली कीं ती जन्मानें ठरलेली, मरेपर्यंत न बदलणारी, असा संस्कार आपल्या मनावर आहे. त्यामुळें शब्द वाक्यांत काय करीत आहे हें न पाहतां त्याच्या कपाळावरचा शिक्का शोधण्याची खोड विद्यार्थ्यांस लागते, आणि शिक्षकांस त्याहून अधिक लागते.

इंग्रजीसारख्या भाषेंत ही खोड फार महागांत पडते. संस्कृतांत पदाचा शेवट पाहिला कीं त्याचें काम बहुधा कळतें. एल्फ्रिकच्या काळीं इंग्रजींतहि प्रत्ययांची अशी रेलचेल होती. त्या इंग्रजींत दगडास 'स्टान' म्हणत आणि दगडीस 'स्टॅनेन' म्हणत. म्हणजे आपण आज दगड व दगडी यांत जो भेद करितों तोच भेद ते करीत. पुढील चार-पांच शतकांत हे प्रत्यय झिजले. 'वुडन', 'गोल्डन', 'वुलन' असे थोडे अवशेष राहिले; दगडाचा प्रत्यय मात्र प्रमाण भाषेंतून गळून पडला. मग इंग्रजांनीं नामच उचलून दुसऱ्या नामापुढें ठेवण्यास आरंभ केला, आणि शब्दाचें काम त्याच्या शेपटावरून नव्हे तर त्याच्या जागेवरून ठरूं लागलें. 'राउंड' हा एकच शब्द जागा बदलतांच नाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण आणि शब्दयोगी अशीं पांच कामें करितो. त्याची जाति कोणती, असें नुसतें विचारणें म्हणजे नाटक न पाहतां नटाची भूमिका विचारण्यासारखें आहे.

आतां त्या मुलाच्या 'स्टोन वॉल'कडे पाहूं. मराठी कानास तेथें 'दगडी' ऐकूं येतें, म्हणून आम्हीं विशेषण म्हटलें. परंतु 'दगडी' हें विशेषण आपल्या भाषेंतलें. इंग्रजींत तेथें नुसता 'दगड' उभा आहे. १९५२ सालीं अमेरिकेंतील चार्ल्स फ्रीज यांनीं ध्वनिमुद्रित केलेल्या दूरध्वनीवरील संभाषणांच्या आधारें इंग्रजीच्या वाक्यरचनेवर ग्रंथ लिहिला. जुन्या व्याख्या त्यांनीं बाजूस ठेविल्या; वाक्यांत रिकामी जागा ठेवून तेथें कोणते शब्द बसतात हें तपासलें; आणि शब्दांचे चार मोठे वर्ग व पंधरा लहान गट केले. १९८५ सालीं रँडॉल्फ क्वर्क व त्यांचे सहकारी यांनीं जें इंग्रजीचें बृहद्व्याकरण प्रसिद्ध केलें, त्यांत अशा ठिकाणीं येणारा शब्द नामच मानला आहे. दुसऱ्या नामाच्या पुढें बसल्यानें तो विशेषण होत नाहीं. त्यासाठीं लावलेल्या कसोट्यांत 'व्हेरी' लागतें कां आणि तर-तमभाव होतो कां, या दोन आहेत. त्या मुलानें आमच्या टेबलापाशीं उभें राहून याच दोन कसोट्या लावल्या होत्या. तो ग्रंथ आमच्या हातीं आला तेव्हां मुलगा महाविद्यालय सोडून गेला होता.

दुसरें एक नुकसान याहून व्यापक आहे. मराठी मुलांच्या इंग्रजींत सर्वांत हट्टी चूक कोणती, असें कोणाहि शिक्षकास विचारावें. उपपदांची, असेंच उत्तर येईल. मराठींत उपपदें नाहींत, म्हणून आपल्या मुलांस त्यांची अधिक ओळख करून द्यावयास हवी. पण आठांच्या यादींत त्यांस जागाच नाहीं. नेसफील्डच्या व्याकरणापासून तीं विशेषणांच्या ओसरीवर बसविलेलीं आहेत. ज्यांच्या भाषेंत उपपद नव्हतें अशा रोमन लोकांनीं यादींतून एक जागा काढून घेतली. इंग्रजांनीं ती मध्यंतरीं परत दिली व पुन्हां काढली. आणि अखेर ती यादी ज्यांच्या भाषेंतहि उपपद नाहीं अशा आपल्या हातीं आली. इंग्लंडांतील शाळांत २०१३ पासून अकरा वर्षांच्या मुलांची व्याकरणाची परीक्षा होऊं लागली. तेथील अभ्यासक्रमांत उपपदें व त्यांसारखे इतर निश्चायक शब्द यांचा आतां स्वतंत्र वर्ग केला आहे. महाराष्ट्रांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविलें जातें. ज्यांच्या घरीं इंग्रजीचा गंध नाहीं अशा लक्षावधि मुलांच्या हातीं आपण कोणती यादी देतों, हा प्रश्न म्हणूनच केवळ पंडितांचा नव्हे.

मग आठ जाती शिकवूंच नयेत काय? आमचें तसें म्हणणें नाहीं. १९६३ सालीं अमेरिकेंतील एका अहवालानें निव्वळ व्याकरण घोकल्यानें मुलांचें लेखन सुधारत नाहीं असा निर्वाळा दिला, आणि अनेक शाळांनीं व्याकरणच सोडून दिलें. हा रोगाबरोबर रोग्यालाहि घालविण्याचा प्रकार झाला. नांवें हवींत, नांवांवांचून चर्चा होत नाहीं. परीक्षाहि द्यावयाची असते. फक्त ही यादी कोणी केली, कोणत्या भाषेसाठीं केली आणि तींत कितीदां फेरफार झाले, हें मुलांस सांगावें. आम्ही आतां पहिल्या तासास व्याख्या सांगत नाहीं. आधीं मराठी वाक्यें देतों. 'तो वर गेला', 'झाडावर पक्षी बसला', 'देवानें वर दिला'. यांत 'वर' काय काम करितो, हें मुलें आपापल्या भाषेच्या बळावर बिनचूक सांगतात. 'आपल्याला व्याकरण येतें' हें त्यांस प्रथमच कळतें. मग इंग्रजी वाक्यांत एक जागा रिकामी ठेवून तेथें काय बसतें व काय बसत नाहीं हें त्यांच्याकडून शोधून घेतों. जाती शेवटीं येतात, आणि तोंवर त्यांची धास्ती गेलेली असते. या रीतीनें वेळ जास्त लागतो, हें आम्ही कबूल करितों. वर्गांत शंभर मुलें असलीं म्हणजे ती नेटानें चालवितांहि येत नाहीं. कित्येक वर्षीं आम्हांस अर्ध्यावर सोडावी लागली आहे.

पूर्वीं चांचणीच्या कागदावर आम्ही उत्तर तेवढें मागत असूं. आतां उत्तरापुढें 'कां?' म्हणून एक ओळ मोकळी ठेवितों, आणि गुण त्या ओळीस देतों. दरवर्षीं फळ्यावर 'स्टोन वॉल' लिहून जाति विचारतों. बहुतेक मुलें विशेषण म्हणतात. मागच्या बांकावरून एखादा हळूच नाम म्हणतो. त्यास आम्ही उभें राहून कारण सांगावयास लावितों, व तो सांगत असतां आपण खुर्चींत बसून ऐकतों.